हिवाळा सोडून तलावावर पाहायचं तरी काय? (नवेगावबांध आणि आसपास)

माळभिंगरी (२ ऑक्टोबर)

मंडळी, बँकेतल्या बदलीमुळे जूनपासून गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मुक्काम आहे. मूळचा साताऱ्याकडचा. लहानपणी मायणीच्या तलावावर जाऊन पक्षी पाहिलेले, तेवढीच काय ती पूर्वतयारी. इथे आल्यावर नवेगावबांधच्या पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) उभा राहिलो आणि समोर अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी पाहून मायणीची आठवण गुंडाळून ठेवली.

आता प्रश्न. ज्याला विचारावं तो सांगतो, "डिसेंबरात जा, तेव्हाच मजा." ऑफिसातले, चहावाला, जंगलातला गाइड, सगळ्यांचं एकमत. माझंही मत साधारण तेच झालंय: पाणपक्षी म्हणजे हिवाळा, बाकीचे महिने नुसती तळ्याकाठची हवा. पण मी पाहुणा नाही, दोन-तीन वर्षं इथेच काढायची आहेत. पाचवीतली मुलगीही सोबत येते. तर बाकीच्या महिन्यांत खरंच काही असतं का, की तेव्हा घरी बसून फोटो पाहावेत? इथल्या जाणत्यांनी सांगावं.

तर्री_पोहे (२ ऑक्टोबर)

पाचवीतली मुलगी सोबत असेल तर पहिला पक्षी म्हणजे डबा. तो दिसला नाही तर बाकीचे दिसत नाहीत.

धानाची_बांधी (२ ऑक्टोबर)

माळभिंगरी, तुम्ही जूनला आलात आणि चार महिने डिसेंबरची वाट पाहत बसलात? अहो, इथला सगळ्यात मोठा हंगाम तुमच्या खिडकीखालून निघून गेला!

मी इथल्याच एका गावची, शाळेतून निवृत्त झालेली. आमच्या गोंदिया-भंडाऱ्यात नुसता एक तलाव नसतो. मोठा तलाव, त्याच्या खाली बोड्या (छोटी तळी), त्यांच्याखाली बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), आणि पावसाळ्यात हे सगळं मिळून एकच पाणथळ होतं. जुलैत पऱ्हे (धानाची रोपं) उपटून रोवणी सुरू झाली की गुडघाभर चिखलात बाया वाकलेल्या आणि त्यांच्यापासून चार हातांवर गाय बगळे, ढोकऱ्या, मुग्धबलाक. त्या काळात मोठ्या तलावावर दुर्बीण लावून बसलात तर फार काही दिसणार नाही, पाणी पसरलेलं असतं. पक्षी सगळे कडेला आणि शेतात.

कमळपक्षी पावसाळ्यातच पाहावा. हिवाळ्यात तो मळकट तपकिरी, शेपूट आखूड, कुणी ढुंकून पाहत नाही. जूननंतर मानेवर सोनेरी रंग चढतो, शेपटी लांब होते. मादी मोठी आणि भांडखोर. तरंगत्या पानावर चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बाप करतो. हे वर्गात सांगितलं की मुली टाळ्या वाजवायच्या.

नकटाही तेव्हाच. नराच्या चोचीवरचा उंचवटा विणीच्या दिवसांत फुगून मोठा होतो. तो, अडई आणि काणूक ही आमची घरची, म्हणजे वर्षभर इथेच राहणारी बदकं, आणि तिघंही घरटं झाडाच्या ढोलीत करतात (अडईला गवतही चालतं). म्हणून पाळीवरचा जुना अर्जुन किंवा मोह तोडला की बदकाचं घर जातं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नागपूर_लेन्स (३ ऑक्टोबर)

बाईंचा पूर्ण आदर राखून सांगतो, पावसाळ्यात उजेड नसतो, लेन्सवर बाष्प धरतं, पाय चिखलात रुततात आणि जंगलाची सफारी बंद असते. हिवाळा तो हिवाळाच. पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, गडवाल, मोठी लालसरी, वारकरी, एकाच सकाळी एकाच पाळीवरून. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. तो पक्षी तुमच्यासमोर लाखोळीच्या शेतात चरतोय, यापुढे ढोकरी कोण बघणार?

फक्त एकच तक्रार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या तलावांवर मासेमारी बंद ठेवायला हवी. सकाळचा सोनेरी उजेड पडलेला असतो आणि नेमका एक डोंगा मध्ये शिरतो. अख्खा थवा उडून जातो.

गप्पीदास (३ ऑक्टोबर)

आता धागा पेटणार. मी कुंपणाच्या तारेवर बसलोय.

डोंगा (३ ऑक्टोबर)

नागपूरवाले साहेब, राम राम. मी ढीवर (मासेमार) हाव, आमच्या आज्याच्या आज्यापासून तलावावर हाव. तुमी मनता मासेमारी बंद करा. चार महिने बंद केली तं आमी खावाचं काय, पट्टकादंब?

आन आयका. बदक डोंग्याले भेत नाई. डोंग्यात उभ्या रायलेल्या माणसाले भेते. आमी बसून वल्हवतो, रोज त्याच वाटेनं जातो, त्याच वाटेनं येतो. अडई चार हात सरकते आन परत येते. तुमाले फोटूसाठी उभं राहाचं असते, वरून नावाड्याले मनता "अजून जवळ घे, अजून जवळ घे". मंग उडते. उडल्यावर फोटू भेटते, मनून तुमी खुश. त्या पाखराचं काय?

तर्री_पोहे (३ ऑक्टोबर)

डोंगाभाऊ, तुमच्या पोस्टला हजार लाइक.

नागपूर_लेन्स (३ ऑक्टोबर)

जवळ घ्यायला सांगणारे आहेत, मान्य. पण सगळ्या फोटोग्राफरना एका दोरीने बांधू नका. आणि जाळ्यात अडकून मेलेले पाणकावळे मीच पाहिलेत, त्याचं काय?

डोंगा (४ ऑक्टोबर)

अडकतात. खोटं नाई बोलत. रात्री लावलेलं नायलनचं बारीक जाळं सकाळी उशिरा काढलं का टिबुकली, पाणकावळा अडकतेच. आमच्या सोसायटीत आमी ठरवलं का उजाडाच्या आत जाळं काढाचं. सगळे नाई आयकत. पण जाळ्यापेक्षा मोठी गोष्ट सांगतो. तलावात गवत नसन तं बदक येतच नाई, मंग तुमी कितीबी महिने मासेमारी बंद करा. ठेकेदारानं ग्रास कार्पचं, मंजे गवत खाणाऱ्या माशाचं बीज सोडलं का दोन वर्षांत आतलं सारं गवत साफ. देवधान गेलं, पोवन गेलं. मरळ, शिंगीले लपाले जागा नाई. पाखराले खावाले नाई.

पाणलाव (४ ऑक्टोबर)

डोंगा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, थोडी भर घालतो (प्राणिशास्त्र शिकवतो, सवय जात नाही).

सगळी बदकं एकच खात नाहीत. वारकरी, गडवाल आणि लालसरी पाण्याखालच्या वनस्पतींवर जगतात. थापट्याची चोच फावड्यासारखी आणि कडेला कंगव्यासारखे दाते, त्यातून तो पाणी गाळून बारीक जीव खातो. चक्रांग आणि भुवई बदकाला गवताचं, देवधानाचं बी लागतं. पट्टकादंब आणि चक्रवाक दिवसभर पाण्यात-काठावर विसावतात, चरायला शेतात जातात. म्हणून एखाद्या तलावावर फक्त थापटे दिसायला लागले आणि वारकरी गायब झाले, तर पाण्याखाली काय चाललंय याचा अंदाज काठावरून बांधता येतो.

ग्रास कार्प झपाट्याने वाढतो आणि वजनाच्या मानाने भरपूर वनस्पती खातो. मत्स्योत्पादनाच्या कागदावर तो चांगलाच दिसतो. आणि दुसऱ्या टोकाला बेशरम. ती दक्षिण अमेरिकेकडची वनस्पती, गुरं तोंड लावत नाहीत, पाण्याच्या कडेने भिंतीसारखी वाढते. तिथे ना बदक बसत, ना तुतवार चालत. आपल्याच तालुक्यात काही गावांत ढीवर बायांनी कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. ते काम पाहायला जा. पक्षीनिरीक्षणाचाच भाग आहे तो.

कापशीकर (४ ऑक्टोबर)

गोंदियावाल्यांचे तलाव मोठे, गप्पाबी मोठ्या! आमच्या अकोल्याजवळ कापशीच्या तलावावर या म्हणा एकदा. पश्चिम विदर्भात पाणी कमी, म्हणून जे पाणी आहे त्याच्यावर पक्षी एकवटते. दुर्बीण न हलवता बघा. आन लोणार तं जगात एक! उल्कापातानं झालेलं सरोवर, २०२० मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या) आलं, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं.

गप्पीदास (४ ऑक्टोबर)

त्या गुलाबी पाण्याचं श्रेय तुम्ही घेताय की काय?

कापशीकर (४ ऑक्टोबर)

खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी केलं, पण जिल्हा आमच्या शेजारचाच ना बाप्पा!

माळभिंगरी (१२ ऑक्टोबर)

सगळ्यांचे आभार. धागा उघडून दहा दिवस झाले आणि मी आधीच गोंधळलोय. काल सकाळी शिवनीबांधला गेलो. पाण्यावर बदकं होती, पण सगळी एकाच रंगाची, तपकिरी ठिपकेवाली. मोबाइलमधलं ॲप एकदा हे म्हणतं, एकदा ते. पुस्तकातले हिरव्या डोक्याचे, पांढऱ्या छातीचे नर गेले कुठे? फक्त माद्याच आल्या का?

पाणलाव (१२ ऑक्टोबर)

नर आलेत, कपडे बदलून आलेत. वीण संपली की बहुतेक बदकांचे नर रंगीत पिसं टाकून मादीसारखे दिसू लागतात. त्याच काळात पंखांची मोठी पिसंही झडतात, काही आठवडे उडता येत नाही, मग लपून राहण्यासाठी साधे कपडे बरे. प्रवासाला निघेपर्यंत पंख तयार असतात, पण रंग हळूहळू चढतो. डिसेंबर-जानेवारीत तोच थवा पाहा.

ऑक्टोबरात रंग सोडा, आकार बघा. थापट्याची चोच लपत नाही. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक. भुवई बदक सगळ्यांच्या आधी येतं, सप्टेंबरातच, आणि जातंही उशिरा, एप्रिलपर्यंत रेंगाळतं. आणि उभं राहण्याची जागा बदला. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पूर्वेकडच्या काठावर. शिवनीबांधला तुम्ही बहुतेक रस्त्याच्या सोयीने उभे राहिलात.

धानाची_बांधी (१२ ऑक्टोबर)

आणि बदकांवरच डोळा ठेवू नका. सप्टेंबरअखेर विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसतात (तुमचंच नाव!), पाळीवर परीट शेपटी हलवत फिरू लागतो. आमच्याकडे हिवाळा त्यांच्यापासून सुरू होतो. नोव्हेंबरात गवतात शंकर बघा, निळा गळा असलेला चिमुकला.

गप्पीदास (१२ ऑक्टोबर)

आणि गप्पीदास? तोही हिवाळी पाहुणा आहे, कुंपणावर बसतो, त्याला कुणी विचारत नाही.

धानाची_बांधी (१२ ऑक्टोबर)

तो न विचारताच बोलतो ना.

पाणकणीस (६ नोव्हेंबर)

कालपासून पक्षी सप्ताह सुरू झालाय, म्हणून धागा वर आणतेय. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून राज्यात हा आठवडा. चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत याच नवेगावबांधला राहिले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे इथे पहिल्यांदा आलेले माझ्यासारखे किती जण असतील!

ताई (धानाची_बांधी), तुम्ही पावसाळ्यातल्या पक्ष्यांबद्दल इतकं लिहिलंत पण सारसाचा उल्लेख टाळलात. मुद्दाम?

धानाची_बांधी (६ नोव्हेंबर)

मुद्दाम. सारसाचं घरटं कुठे आहे हे इथे लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. पण विचारलंच आहे तर जागा सोडून बाकी सांगते.

उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच, माणसाएवढा. महाराष्ट्रात आता तो गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्याच पट्ट्यात उरलाय, आणि दर वर्षी जूनमध्ये गणना होते तेव्हा आकडा चाळिशीच्याही आत येतो. पलीकडे नदी ओलांडली की मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे सारस. त्यांना सीमा कळत नाही, आपल्याला कळते.

वीण पावसाळ्यात, आणि ती जंगलात नाही, धानाच्या बांधीत. धान, गवत ओढून पाण्यात ढिगारा रचतात, त्यावर बहुतेक दोन अंडी, महिनाभर उबवणं, नर-मादी आळीपाळीने. म्हणजे सारसाचं सगळं भवितव्य एका शेतकऱ्याच्या हातात. त्याची चार-सहा हात जागा मोडते, धान तुडवलं जातं. आमच्याकडचे बरेच शेतकरी ते सोसतात, शुभ मानतात. पण फवारणीचं काय, शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांचं काय? तारेला धडकून, विजेचा धक्का बसून सारस मेलेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली, तेव्हापासून कागद जरा हललेत.

जोडी पाहायची असेल तर उन्हाळ्यात दुरून पाहा. पावसाळ्यात घरट्यापाशी जाऊ नका. माणूस जवळ गेला की दोघं उठतात, आणि कावळा वाटच पाहत असतो.

नागपूर_लेन्स (७ नोव्हेंबर)

याबाबतीत बाईंशी शंभर टक्के सहमत. घरट्यावरचे फोटो स्पर्धांनी घेऊच नयेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं हाही तसलाच प्रकार. विणीच्या दिवसांत तो बिचारा पिल्लं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

डोंगा (७ नोव्हेंबर)

आता साहेब बराबर बोलले. या, चहा पाजतो.

सहकारनगर_पुणे (२० डिसेंबर)

नाताळच्या सुट्टीत दोन दिवस येतोय. नागझिरा सफारी + नवेगाव तलाव + सारस + इटियाडोह असं बसवता येईल का? सारस नक्की दिसेल अशी जागा कुणी व्यनि करेल का?

तर्री_पोहे (२० डिसेंबर)

सारसाला विचारून सांगतो.

पाणकणीस (२० डिसेंबर)

सहकारनगर, सारस यादीतून काढा, वरच्या पोस्ट वाचा म्हणजे कारण कळेल. दोन दिवसांत एक सकाळ नवेगावला आणि एक सिरेगाव बांधला द्या. सकाळी सहाला काठावर बसा, नऊला उठा. इटियाडोहला मोठं पाणी आहे, खोलही, त्यामुळे बदकं फार लांब दिसतात. पण कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) दिसण्याची शक्यता तिथे चांगली. पाण्यावर थांबतो, पाय पुढे करून कोसळतो आणि मासा डोकं पुढे धरून नेतो. ८×४२ ची दुर्बीण पुरते, जास्त ताकदीची हातात थरथरते. आणि लाल-पिवळी जाकिटं घरी ठेवा.

माळभिंगरी (१८ जानेवारी)

नर रंगले! तलवार बदक, थापट्या, लालसरी, सगळे पुस्तकातल्यासारखे. नागपूर_लेन्स, तुमचं म्हणणं या महिन्यात पटतं. पाणपक्ष्यांच्या जानेवारीतल्या गणनेला गेलो होतो, आशियाभर १९८७ पासून चालते ती. मुलीला वारकरी मोजायचं काम मिळालं. दर वेळी थवा हलला की पहिल्यापासून, शेवटी एका काकांनी दहा-दहाचे गठ्ठे करून मोजायला शिकवलं.

एक पाहिलं. शेजारच्या दोन तलावांत जमीन-अस्मानाचा फरक. एकावर शेकड्याने बदकं, दुसऱ्यावर पाच-पन्नास. गवत दोन्हीकडे दिसत होतं. कारण काय असावं?

धानाची_बांधी (१८ जानेवारी)

तुडुम (तलावाचं पाणी सोडायचं दार) कधी उघडलं ते विचारा.

आमचे तलाव पक्ष्यांसाठी बांधलेले नाहीत, धानासाठी बांधलेत. कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. मालगुजार (गावचा सारा वसूल करणारे जमीनदार) पाण्याचं वाटप बघायचे, गाळ काढून घ्यायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दुरुस्तीची जबाबदारी कुणाच्याच अंगावर राहिली नाही. तरी पाणी आजही धानाच्या हिशोबाने सुटतं. दिवाळीच्या आसपास शेवटचं पाणी, मग धान कापणी, त्याआधीच बांधीत फेकलेली लाखोळी वर येते.

पण ज्या गावात उन्हाळी धान लावतात तिथे जानेवारीपासून तुडुम पुन्हा उघडतं. पाणी भराभर उतरतं. उथळ पाणी बदकांना चांगलं, पण फार लवकर उतरलं तर गवत उघडं पडून वाळतं आणि पक्षी शेजारी जातात. दुसऱ्या तलावाचं पाणी कुठे चाललंय, पाटाच्या कडेने चालत जाऊन बघा.

माळभिंगरी (२५ जानेवारी)

गेलो. उन्हाळी धानच! पऱ्हे टाकलेत.

पाणलाव (२५ जानेवारी)

आता त्याच तलावाला मार्चमध्ये जा. बदकांनी सोडलेली जागा चिखलपक्ष्यांची होते. पाणी मागे सरकतं तसा ओला चिखल उघडा पडतो, त्यात अळ्या, गोगलगायी. शेकाट्या लाल काठ्यांवर चालत येतो, तुतवार, पाणलाव, चिखल्या (ओळखायला डोकेदुखी, पण तीच मजा). चमच्या चोच डावी-उजवी फिरवत चालतो. चित्रबलाक गुलाबी होऊन उभे असतात. एप्रिलमध्ये परतीचे प्रवासी इथे थांबतात तेव्हा काहींना विणीचे रंग चढलेले असतात, जे हिवाळ्यात कधीच दिसत नाहीत.

कापशीकर (२६ जानेवारी)

आमच्याकडं एप्रिलमध्ये चिखलबी नसते, भेगा असतात. तरी नदी सुरय दिसते ब्वा.

माळभिंगरी (१९ एप्रिल)

एप्रिलचा अहवाल. साडेआठला ऊन असह्य, पण साडेपाच ते आठ या वेळेत जे दिसतं ते जानेवारीत कुठे होतं? सगळं पाणी मधल्या खड्ड्यात गोळा झालंय आणि मासे त्यात. मुग्धबलाक, राखी बगळे, पाणकावळे एकमेकांच्या पायात पाय घालून उभे. तिरंदाज फक्त मान बाहेर काढून पोहत होता, मुलगी साप म्हणून मागे सरली.

टिटवीची अंडी मात्र काळजी लावतात. उघड्या पडलेल्या गाळावर चार दगडांत चार अंडी, आणि त्याच गाळावर गाळपेर, गुरं, मोटारसायकलची वाट. डोंगाभाऊंनी दोन ठिकाणी काठ्या रोवून फडकं बांधलंय.

डोंगा (१९ एप्रिल)

फडकं बांधलं तं पोट्टे उलट पाहाले येतात का काय हाय मनून. आता काढलं, नुसते गोटे ठेवले गोल.

सहकारनगर_पुणे (२८ मे)

डिसेंबरात कैकर दिसला, धन्यवाद पाणकणीस! आता नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) येणं शहाणपणाचं आहे का? ऑफिसला सुट्टी याच आठवड्यात मिळतेय.

तर्री_पोहे (२८ मे)

या. पक्ष्यांऐवजी तुम्हीच सावलीत चोच उघडून बसलेले दिसाल.

धानाची_बांधी (२८ मे)

थट्टा बाजूला, आठवडाभर पुढे ढकला. नवतपा संपता संपता काठच्या जंगलात नवरंग येतो आणि पहाटे, संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. तो विणीसाठीच येतो मध्य भारतात, हिवाळ्यात दक्षिणेकडे असतो. म्हणजे तुमच्या डिसेंबरात येणाऱ्यांना तो कधीच भेटत नाही. पाठोपाठ चातक. पावशा तर मे महिनाभर ओरडून घसा कोरडा करतो.

नागपूर_लेन्स (२ जुलै)

धाग्याचं नाव पाहून हसू येतंय. कबूल करत नाही, पण पुढच्या रविवारी पावसाळी कमळपक्ष्यासाठी येतोय. लेन्सला प्लास्टिकची पिशवी बांधणार. माळभिंगरी, तुम्ही वर्षभर फिरलात, तुम्हाला एकच महिना निवडायला सांगितला तर?

माळभिंगरी (३ जुलै)

हिवाळ्याचं मत बदललं नाही, पण त्याचा क्रम खाली गेला. आकडा मोजायचा तर जानेवारी. काय चाललंय ते बघायचं तर आत्ता, जुलै-ऑगस्ट. हिवाळ्यात पक्षी खातात आणि झोपतात, आत्ता ते भांडतात, घरं बांधतात, पिल्लं पाठीमागे घेऊन फिरतात. नकट्याची जोडी पाळीवरच्या अर्जुनात ढोल शोधताना परवा पाहिली, मादी आत डोकावते, बाहेर येते, पुन्हा आत. आणि मुलीच्या मते एप्रिल, कारण तिरंदाज.

उत्तर नवीन बदलून येणाऱ्यांसाठी: ज्या महिन्यात याल त्या महिन्यापासून सुरू करा आणि तलावासोबत बांध्याही फिरा.

डोंगा (३ जुलै)

नागपूरवाले साहेब, रविवारी पहाटे पाचले पाळीवर या. डोंग्यात दोघंच बसतात, बॅग काठावर ठेवा लागन. आन उभं राहाचं नाई.

नागपूर_लेन्स (३ जुलै)

बसून येतो. गमबूट लागतील का?

डोंगा (३ जुलै)

गमबूट चिखलात फसते. अनवाणी या, नाईतं जुनी चप्पल.